कमी पैशात रात्रीचं आउटडोअर शूटिंग: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात शॉर्टफिल्म करणारी मुलंमुली भेटली की विषय हमखास रात्रीच्या सीनवर येतो. स्क्रिप्टमध्ये 'रात्र, बाहेर' एवढे दोनच शब्द असतात आणि शूटिंगच्या दिवशी तेच दोन शब्द निम्मं बजेट खाऊन टाकतात. इतवारीच्या गल्ल्यांत, अंबाझरीकडे, हिंगण्याच्या पुढच्या शेतांत मी अशा बऱ्याच रात्री काढल्या आहेत. मला वारंवार विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची मी देतो ती उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

रात्रीचा सीन आहे. किती लाइट मागवू?

तुम्ही मनात धरले असतील त्याच्या निम्मे. नवा दिग्दर्शक घाबरून चार हॅलोजन आणतो, चारही समोरून लावतो आणि फ्रेममध्ये लग्नाचा मांडव उभा राहतो. प्रेक्षकाला रात्र पटायची असेल तर फ्रेमचा बराचसा भाग काळाच राहायला हवा. म्हणून लाइट मोजण्याआधी अंधार ठरवा: या फ्रेममध्ये काय दिसलं नाही तरी चालेल? भिंत? झाड? दुसऱ्या पात्राचा अर्धा चेहरा? तेवढं वगळलं की यादी आपोआप आखडते.

आकड्यांत सांगतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ८००, लेन्सचं छिद्र एफ २ एवढं उघडं आणि शटर १/५० सेकंद असेल, तर 'नॉर्मल' एक्स्पोजरला साधारण ६० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश लागतो. रात्रीचा चेहरा नॉर्मलपेक्षा एक-दोन स्टॉप खालीच ठेवायचा असतो (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे १५ ते ३० लक्समध्ये काम भागतं. चांगले दिवे असलेल्या मोठ्या रस्त्यावर एवढा प्रकाश मनपा फुकट देते.

मग फक्त रस्त्याच्या दिव्यांवर शूट करता येईल का?

येईल, पण जागा निवडून. बहुतेक दिवे डोक्यावरून खाली पडतात, त्यामुळे खांबाच्या अगदी खाली उभ्या माणसाच्या डोळ्यांत काळे खड्डे पडतात. पात्राला खांबापासून चार-सहा पावलं पुढे आणा. खांब त्याच्या पाठीमागे आणि थोडा बाजूला आला की केसांवर आणि खांद्यावर कड मिळते. समोरून एक पांढरं थर्माकोल धरलं की चेहराही उजळतो. एवढ्यावर पूर्ण संवाद शूट झालेले मी पाहिले आहेत.

शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर आता पिवळ्या सोडियमच्या जागी पांढरे एलईडी आले आहेत. जुना सोडियम साधारण २००० केल्विनचा असे (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका पिवळा, मोठा तितका निळसर) आणि त्यात त्वचेचा रंग मरून जाई. एलईडीत त्वचा बरी दिसते, पण ती पिवळी ऊब गेली. आतल्या एखाद्या वस्तीत सोडियमचा खांब उरलेला दिसला तर ती जागा लिहून ठेवा, पुढे कधीतरी लागेल.

नागपुरात रात्री आयता प्रकाश कुठे मिळतो?

रेकी, म्हणजे जागेची आधीची पाहणी, रात्रीच करा, आणि ज्या वाजता शूट करणार त्याच वाजता. नऊ वाजता बर्डीचा मेन रोड पाट्यांनी आणि दुकानांनी झगमगत असतो. तीच दुकानं बंद झाली की तिथे फक्त खांबांचे दिवे उरतात. फुटाळ्याला पलीकडच्या काठावरचे दिवे पाण्यात उतरतात, तेव्हा पात्र काठाशी आणि कॅमेरा पाण्याकडे तोंड करून ठेवला की पार्श्वभूमी आयती मिळते. सावजी भोजनालयाची उजळलेली पाटी, रात्रीचं मेडिकल, पेट्रोल पंप, एटीएमचं काचेचं दार हे सगळे मोठे मऊ लाइटच आहेत. एटीएमच्या दारातून बाहेर पडणारा प्रकाश तर भाड्याच्या सॉफ्टबॉक्सच्या तोडीचा असतो.

गणपतीआधीच्या दिवसांत चितार ओळीत मूर्तिकार रात्री उशिरापर्यंत काम करतात. ओल्या मातीवर आणि रंगावर पडणारा तिथल्या बल्बांचा उजेड कुठल्याही भाड्याच्या लाइटने मिळत नाही. मात्र तो त्यांच्या कमाईचा हंगाम असतो. आधी जाऊन बसा, चहा प्या, विचारा, आणि होकार मिळाला तर लहान कॅमेऱ्याने, वाट न अडवता शूट करा.

एकच लाइट असेल तर तो कुठे लावू?

मागे. याच प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ बोलतो, कारण रात्रीचं अर्धं काम इथेच होतं किंवा बिघडतं.

समोरून लावलेला लाइट पात्राइतकाच मागची भिंतही उजळतो, सावली मागे लपते आणि सगळं सपाट होतं. तोच लाइट पात्राच्या मागे, उंचावर आणि थोडा तिरका लावा. पात्राची कड अंधारातून सुटी होते, रस्त्याचा खडबडीतपणा दिसतो, धूळ आणि धूर चमकतात, आणि चेहरा सावलीत राहतो. रात्री माणूस आपल्याला असाच दिसतो.

आता अंतर. लाइटपासून अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाईवर येतो. लाइट ३ मीटरवर असेल आणि पात्र आणखी ३ मीटर लांब चालत गेलं, तर ते दोन स्टॉप काळं होतं. तोच लाइट १२ मीटरवर असेल तर तेवढंच चालून प्रकाश दोन-तृतीयांशाच्या जवळपास राहतो, म्हणजे फरक एका स्टॉपपेक्षाही कमी. चंद्र कुणाच्या जवळ-लांब होत नसतो. म्हणून चंद्राचा आभास हवा असेल तर लाइट जितका लांब आणि उंच नेता येईल तितका न्या. आपल्याकडे क्रेन नसते, पण शेजारच्या काकूंची गच्ची असते. दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून सोडलेला एक लाइट अख्खी गल्ली सांभाळतो. काकूंना आधी दिवसा जाऊन भेटा, किती वाजेपर्यंत चालेल ते खरं सांगा आणि स्टँड कठड्याला सुतळीने बांधा. वाळूच्या पिशव्या पायांवर टाकल्याशिवाय गच्चीवरचा लाइट सुरू करू नका. खाली माणसं उभी असतात.

लाइट थेट सोडण्यापेक्षा झाडाच्या फांद्यांतून सोडला तर जमिनीवर पानांच्या सावल्या पडतात. कडुलिंबाची एक फांदी स्टँडला बांधूनही हे जमतं.

चेहरा फारच काळा येतोय. समोर दुसरा लाइट लावू का?

आधी थर्माकोल धरून बघा. मागून येणारा प्रकाशच त्यावर आपटून चेहऱ्यावर परत येतो, त्यामुळे रंग जुळवायचा प्रश्न राहत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर छोटी एलईडी पांढऱ्या कापडावर मारा. थेट चेहऱ्यावर मारू नका. पात्राच्या डोळ्यांत एक ठिपका चमकला की चेहरा अर्धा अंधारात असला तरी जिवंत वाटतो. दिवाळीनंतर स्वस्तात मिळणारा पांढरा, गोल कागदी आकाशकंदील आत एलईडी बल्ब टाकून काठीला लटकवला, तर जवळच्या शॉटसाठी सुंदर मऊ लाइट होतो. आत हॅलोजन मात्र कधीच नको, कागद पेटतो.

बिछायत केंद्रातले, म्हणजे मांडववाल्यांकडचे, हॅलोजन चालतील?

चालतील, आणि रंगाच्या बाबतीत ते बऱ्याच स्वस्त एलईडीपेक्षा सरस आहेत. हॅलोजनचा प्रकाश साधारण ३००० केल्विनचा, पिवळसर असतो आणि त्वचा त्यात खरी दिसते. त्रास उष्णतेचा आहे. थर्माकोल, बटर पेपर, पडदा यांतलं काहीही त्याच्या जाळीजवळ येऊ देऊ नका. थर्माकोल तर शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं.

त्याला चंद्र बनवायचं म्हणून निळं जिलेटिन (लाइटसमोरचा रंगीत पारदर्शक कागद) लावाल तर जवळपास दोन-तृतीयांश प्रकाश तिथेच मरतो. त्यापेक्षा कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कॅमेरा कोणता रंग पांढरा धरतो ते) २५०० ते २७०० केल्विनवर आणा. हॅलोजन पांढरा-गारसर दिसू लागेल आणि शेकोटी किंवा कंदील पिवळाच राहील.

मागवताना एक नक्की विचारा: हॅलोजन आहे की मेटल हॅलाइड? मांडववाल्यांकडे दोन्ही असतात. मेटल हॅलाइड एकदा बंद झाला की थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, काही मिनिटं युनिट हात बांधून बसतं. शिवाय तो फ्लिकरही करू शकतो, म्हणजे कॅमेऱ्यात लुकलुकतो.

इलेक्ट्रिकलच्या दुकानातला १०० वॅटचा एलईडी फ्लड घेऊ?

घ्या, पण आधी दुकानातच कॅमेऱ्यावर तपासा. माझ्या एका फिल्मचा शेवटचा सीन आम्ही अशा दोन नव्या फ्लडवर केला. कॅमेऱ्याच्या लहान स्क्रीनवर सगळं ठीक दिसलं. एडिटच्या टेबलावर कळलं की अख्ख्या फ्रेममधून काळे पट्टे सरकताहेत. तो सीन पुन्हा करावा लागला, आणि पुन्हा केलेल्या सीनमध्ये पहिल्या रात्रीचा अभिनय आला नाही. आजही त्याचं वाईट वाटतं.

कारण साधं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण चक्रं बसतात आणि पट्टे जातात. सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करत असाल तरी शटर १/५० ठेवा. दिव्यावर डिमर असेल तर त्याची लुकलुक वेगळ्या गतीची असू शकते. तेव्हा डिमर न वापरता लाइट मागे सरकवा किंवा त्यावर कापड टाका.

रंगाचं म्हणाल तर दुकानात आपला तळहात त्या उजेडात धरा. हिरवट, आजारी दिसला तर तो लाइट चेहऱ्याला नको, मागच्या झाडांना वापरा.

चंद्रप्रकाश निळाच ठेवायचा का?

चंद्राचा प्रकाश मुळात सूर्याचाच, परत आलेला. तो निळा नसतो. कमी उजेडात आपला डोळा निळ्या-हिरव्या रंगांकडे जास्त झुकतो म्हणून रात्र निळसर भासते. १९व्या शतकात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवून ठेवलं. तेव्हा निळा हा एक संकेत आहे आणि थोडा असला की पुरतो. ५६०० केल्विनची एलईडी आणि कॅमेरा ४३०० च्या आसपास, एवढी गारसर छटा मला पुरेशी वाटते. गडद निळी रात्र पाहिली की मला जुन्या मालिकांची आठवण येते.

खऱ्या पौर्णिमेचा प्रकाश मात्र पाव लक्सच्या आसपास असतो. त्यावर शूट करण्याचा विचार सोडून द्या.

वीज कुठून घ्यायची?

आधी हिशेब करा: वॅट भागिले २३० म्हणजे अँपिअर. १००० वॅटचा एक हॅलोजन सव्वाचार अँपिअरपेक्षा थोडा जास्त ओढतो. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो एकच लावा. एसी किंवा गीझरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर तीन चालतात, पण मग त्या लाइनवर दुसरं काहीच नको. घरातल्यांनी मध्येच इस्त्री लावली की एमसीबी पडतो, आणि पडतो तो नेमका चांगला टेक चालू असताना.

केबलचं गुंडाळं पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर लोड घेतल्यावर तापते आणि आतून वितळते. जोड जमिनीवर नको, विटेवर किंवा स्टुलावर ठेवा, वर प्लास्टिक बांधा. अर्थिंग नसलेल्या बोर्डावरून, ओल्या जमिनीवर लोखंडी स्टँडचा लाइट लावणं म्हणजे जिवाशी खेळ. मी ते करत नाही आणि माझ्या सेटवर कुणाला करू देत नाही.

खांबावर आकडा टाकू का, असंही मला शेतातल्या शूटच्या वेळी खरोखर विचारलं गेलं आहे. नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली ती चोरी आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात माणसं मरतात.

जनरेटर आणायचा तर लांब, भिंतीच्या किंवा घराच्या आड ठेवा आणि केबल जास्त आणा. दहा मीटरवर घरघरणारा जनरेटर सगळे संवाद खातो. संवाद असतील तर बॅटरीवरची एलईडी बरी. ९८ वॅट-अवरची एक व्ही-माउंट बॅटरी ६० वॅटची लाइट साधारण दीड तास चालवते. बर्डीहून दुसरी बॅटरी भाड्याने आणली की रात्र निघते.

मोबाइलवर रात्र शूट होते का?

होते. ऑटो मोड बंद करा, २५ फ्रेम आणि १/५० शटर पक्कं करा. बरेच मोबाइल मुळात ३० फ्रेम आणि १/६० च्या हिशेबाने चालतात, म्हणून आपल्याकडचे दिवे त्यात लुकलुकतात. मुख्य लेन्सच वापरा, झूमची लेन्स अंधारात माती करते. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर पात्र हललं की आकाश उजळतं-मावळतं.

कॅमेरा असेल तर त्याचे मूळ आयएसओ, म्हणजे ज्या आकड्यांवर त्याचं चित्र सगळ्यात स्वच्छ येतं ते, माहीत करून घ्या. ब्लॅकमॅजिक पॉकेट ४केचे ४०० आणि ३२००, सोनी एफएक्स३ चे लॉगमध्ये (नंतर रंग सुधारण्यासाठीचा फिका रेकॉर्डिंग मोड) ८०० आणि १२८००. अशा कॅमेऱ्यात दुसऱ्या मूळ आकड्यावर येणारा दाणा (चित्रातली खरखर) त्याच्या जरा खालच्या आकड्यापेक्षा कमी असतो. आणि महागड्या झूमपेक्षा ५० मिमी एफ १.८ ची स्वस्त लेन्स रात्री जास्त उपयोगी पडते.

रात्रभर जागायचं नाही. दिवसा शूट करून रात्र दाखवता येईल?

भर उन्हातलं दृश्य काळं करून रात्र बनवणं मला क्वचितच पटतं. करायचंच असेल तर सूर्य पात्राच्या मागे ठेवा, फ्रेममधून आकाश काढून टाका, दोन स्टॉप खाली एक्स्पोज करा आणि व्हाइट बॅलन्स ३२०० वर आणा.

त्यापेक्षा संध्याकाळ वापरा. सूर्य बुडाल्यावर साधारण दहाव्या मिनिटापासून तिसाव्या मिनिटापर्यंत आकाश गडद निळं असतं, झाडांचे आकार दिसतात आणि खिडक्यांतले दिवे पेटलेले असतात. नागपुरात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सातच्या सुमारास. त्या वीस मिनिटांत मोठा शॉट उरकून घ्या. पात्रांना तासभर आधी उभं करून तालीम घ्या. जवळचे शॉट मग पूर्ण अंधारात, एका लाइटवर जुळवता येतात.

रस्ता ओला करायचा का?

ओला रस्ता दिवे परावर्तित करतो आणि काळी जागा भरून काढतो, म्हणून सगळे करतात. पण मे महिन्यात जिथे लोक टँकरची वाट पाहत उभे असतात त्या वस्तीत रस्त्यावर पाणी ओतू नका. पावसाळ्यापर्यंत थांबा किंवा फक्त फ्रेममधला दहा-बारा फुटांचा तुकडा बादलीने ओला करा. मागून लाइट असेल तर तेवढा पुरतो.

धुरासाठी मशीन भाड्याने आणू?

वारा नसेल तरच. नाहीतर लोबान आणि नारळाच्या शेंड्यांची धुनी वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा, एक माणूस फक्त तिच्यापाशी आणि पाण्याची बादली हाताशी. दम्याचा त्रास असलेलं कुणी युनिटमध्ये आहे का, ते आधी विचारा.

चालत्या गाडीतला रात्रीचा सीन कसा करू?

गाडी उभीच ठेवा. मागे पूर्ण अंधार किंवा दूरचे दिवे, काचेवर थोडं पाणी. एकाने बंपर हलकेच हलवायचा, दुसऱ्याने हातात लाइट घेऊन काचेवरून पुढून मागे फिरवायचा, जणू खांब मागे जाताहेत. दोन फेऱ्यांमधलं अंतर सारखं ठेवू नका, रस्त्यावर खांब तसे येत नाहीत. ड्रायव्हिंग करणारा नट आणि बॉनेटवर कॅमेरा घेऊन वर्धा रोडवर जाऊ नका.

कोणता महिना बरा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रात्र मोठी, आणि शेतात पहाटे धुकं फुकट मिळतं. लेन्सवर दव बसतं, म्हणून कोरडं फडकं खिशात हवं. थंडीत बॅटऱ्याही लवकर उतरतात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्रीही लाइट आणि माणसं दोन्ही तापतात. एलईडीचे पंखे धूळ ओढतात, ते साफ ठेवा. पहिल्या पावसानंतर पाखरं येतात, अक्षरशः ढगासारखी. फ्रेमबाहेर, लांब एक जास्त उजेडाचा पांढरा दिवा लावून ठेवा, बरीचशी तिकडे जातात.

परवानगी लागते का?

सार्वजनिक जागेसाठी लागते. महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, तिथे अर्ज करा आणि हद्दीतल्या पोलीस ठाण्यात कळवून ठेवा. खाजगी शेत किंवा अंगण असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. रात्री १० नंतर स्पीकरवर सूचना देऊ नका, सकाळी ६ पर्यंत बंदी असते. सीताबर्डी किल्ला आणि वायुसेनानगरच्या आसपास कॅमेरा आणि लाइट दोन्ही टाळा, तो लष्करी भाग आहे. नकली पिस्तूल किंवा मारामारीचा सीन असेल तर गल्लीतल्या लोकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

पॅकअपला किती वेळ धरू?

पाऊण तास. हॅलोजन आधी बंद करा आणि वीस मिनिटं तसेच स्टँडवर राहू द्या. गरम असताना पेटीत भरले की बल्ब जातो किंवा पेटी जळते. तोवर केबल गुंडाळा, सुतळीचे तुकडे आणि चहाचे कप उचला, आणि गच्चीवरच्या काकूंच्या कठड्याची गाठ सोडून या.